माळवदावरचं लाल लुगडं

आधीच सांगते, माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, काना-मात्रा राहून जाईल, आणि अक्षर असं आहे की आमचे मालक किराण्याची यादी वाचताना दर ओळीला मला हाक मारतात. त्याबद्दल माफ करावं. कोणी माफ करावं ते मला माहीत नाही, कारण ही वही मी कोणाला दाखवणार नाही. मुलीच्या जुन्या गणिताच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यावर लिहिते आहे. मी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करून सकाळच्या एस.टी.नं सोलापूरला एका खानावळीत पाठवते. रिकामी टोपली परत येते तिच्या तळाशी कधी रविवारच्या पेपराची पुरवणी असते. त्यात गेलेल्या माणसांवर त्यांचे मित्र लिहितात, ते मी उलगडून वाचते. माझ्या धाकट्या भावावर, चन्नूवर, तसं कोणी लिहिणार नाही. तो सात रस्त्याजवळच्या एका गॅरेजात मिस्त्री होता आणि रविवारी सकाळी मोटरसायकलींच्या शर्यतीत पळायचा. एवढंच. पण त्याच्याबद्दल एक गोष्ट फक्त मला माहीत होती, आणि ती मी फार उशिरा तोंडातून काढली...

तो गेल्याची बातमी माझ्याकडे कोणी आणली नाही. मी आमच्या माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, उभी होते आणि मी आवाज बंद झालेला ऐकला. त्याच्या गाडीला धूर सोडायच्या दोन नळ्या होत्या, तिचा आवाज मी झोपेतही ओळखायची. तो आवाज वळणाच्या बाभळींआड गेला. दर रविवारी तो तिथं जरा दबायचा आणि मग पलीकडून मोठा होऊन वर यायचा. त्या दिवशी तो वर आला नाही. मेंढरं ओरडायला लागली. मला अजूनही सकाळी भांडी घासताना मध्येच हात थांबवायची सवय आहे. काय ऐकते म्हणून मालक विचारतात. काही नाही म्हणते.

आम्ही मूळचे सोलापूरचे. आप्पा, म्हणजे आमचे वडील, कापडाच्या पेढीवर मुनीम. मला वळसंगला दिली, गावाच्या अलीकडे रस्त्याला लागून असलेल्या घरात. चन्नू माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. यव्वा, म्हणजे आई, आजारीच असायची, त्यामुळे त्याला मीच कडेवर वागवला. तो मला अक्का म्हणायचा, पण आईसारखा हट्ट करायचा. मोठ्या दुष्काळात आमची दोन्ही शेतं गेली तेव्हा मी आणि मालक दुष्काळी कामावर जायचो. ह्याच रस्त्याची खडी मी फोडली आहे. हाताला फडकं गुंडाळून दिवसभर हातोडी मारायची आणि संध्याकाळी ढीग मोजून द्यायचा. मग दोन वर्षांनी त्या खडीवर डांबर पडलं. पहिल्या दिवशी चन्नू नुसता रस्ता बघायला सायकलवर आला होता. अनवाणी चालून बघितलं त्यानं. म्हणाला, "अक्का, काय रस्ता केलाय गं तुमी! पापडावानी हाय की." मला बरं वाटलं. माझ्या कामाला कोणी चांगलं म्हटलं नव्हतं तोवर.

गाडी त्यानं भंगारातून उभी केली. कोणा कंत्राटदाराची जळालेली साडेतीनशे सी.सी.ची गाडी होती, ती गॅरेजमालकानं त्याला मजुरीत दिली. दीड वर्ष तो आणि त्याचा सोबती उस्मान तिच्या मागे होते. उस्मान त्याच गॅरेजातला, चन्नूहून चार वर्षांनी मोठा, मला आपा, म्हणजे ताई, म्हणायचा. गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा दोघं ती घेऊन आधी माझ्याकडेच आले. मी गाडीला हळद-कुंकू लावलं, उस्मानलाही पेढा दिला. मालक म्हणाले, "फटफटी कसली, तोफ हाय ही. म्हशीचं दूध आटंल."

मग रविवारच्या शर्यती सुरू झाल्या. गॅरेजातली, पेट्रोल पंपावरची, गिरणीतली अशी सात-आठ जणं. दिवस उगवताना सोलापूरच्या बाहेरून निघायचं, वळसंगच्या स्टँडाजवळच्या लिंबाला वळसा घालायचा आणि परत. प्रत्येकानं दहा रुपये घालायचे, पहिल्याला सगळे. त्या वेळेला रस्त्यावर गाड्या नसत. पण बैलगाड्या असत, आणि मेंढरं असत. आमच्या घराच्या पुढे रस्ता एकदम डावीकडे वळतो. एका बाजूला बांध, दुसऱ्या बाजूला दाट बाभळी. पलीकडचं काही दिसत नाही. एका रविवारी चन्नू वळला आणि समोर कडब्याची गाडी. कसा सुटला त्यालाच ठाऊक. परत येताना तो माझ्या दारात थांबला, तोंड पांढरं पडलेलं. मी पाणी दिलं. पाणी पिता पिता त्याची नजर वर गेली.

"अक्का, तुमच्या माळवदावरनं वळणाच्या पल्याडचं दिसतंय का?"

"दिसतंय की. पार ओढ्यापर्यंत."

"आनि तिकडं कुंभारीच्या चढावरनं मला तुमचं माळवद दिसतंय."

झालं. त्यानं तिथंच एक वासा आणून माळवदाच्या कोपऱ्यात रोवला. रस्ता मोकळा असेल तर मालकांचं पांढरं धोतर टांगायचं, काही आडवं असेल तर लाल लुगडं. लुगडं माझ्या लग्नातलं, इरकली, काठ विरलेला. सगळ्या शर्यतवाल्यांनी ते मानलं. लाल दिसलं की हात सैल करायचा, वळण हळू घ्यायचं. गावालाही ते माहीत झालं. बिराप्पा धनगराचा मेंढरांचा वाडा ओढ्याच्या अलीकडे आणि चरायचं रान रस्त्याच्या पलीकडे. तो मेंढरं रस्त्यावर घालण्याआधी वर बघायचा, मी लाल लावलं की हात करायचा आणि मेंढरं घालायचा. मालक हसायचे. "आमचं घर म्हंजे आता रेल्वेचं फाटक झालं. सिग्नलवाल्या बाईला पगार कोन देनार?"

मी लाजाळू आहे. चार माणसांत माझा आवाज निघत नाही. पण माळवदावर उभी राहिले की सात-आठ मर्द गडी माझ्या एका लुगड्यानं थांबतात, हे मला आवडायचं. खोटं कशाला सांगू.

आणखी एक खोटं सांगत नाही. एकदा यव्वाची तब्येत बिघडली म्हणून तो मला न्यायला आला. मी गाडीवर मागं आडवी बसले, एक हात त्याच्या खांद्यावर, एक पदरावर. सकाळची वेळ, थंडी, दोन्ही बाजूंना हुरड्याला आलेली ज्वारी. आधी मी डोळे मिटून शिवा शिवा म्हणत होते. मग उघडले. ज्या दगडांवर माझी बोटं फुटली होती ते खाली कुठं लागतसुद्धा नव्हते. पोट हलकं झालं, लहानपणी झोक्यावर व्हायचं तसं. पदर डोक्यावरनं उडाला, तो मी सावरला नाही. आणि मी त्याच्या कानाजवळ म्हणाले, "अजून."

"आँ?"

"अजून जोरात, रे."

तो इतका हसला की गाडी हलली. नंतर किती वेळा त्यानं मला चिडवलं. पण एकदा गंभीरपणे म्हणाला, "तुला कळतंय अक्का. आप्पास्नी न्हाय कळायचं. त्या वळणावर डोस्क्यात कोनी नसतंय बघ. गॅरेजचा मालक न्हाय, उधारी न्हाय, आप्पांचं तोंड न्हाय. निस्ता रस्ता." मद्रासकडे कुठं विमानाच्या मैदानावर मोठ्या शर्यती होतात, तिकडं एकदा पळायचं, असं त्याचं होतं. त्यासाठी तो पैसे साठवत होता. तो गेला तेव्हा ते एका टायरच्या ट्यूबमध्ये सापडले, ते सगळे दवाखान्याला आणि त्याला नेणाऱ्या ट्रकला गेले.

माझ्या मनात भीती शिरली ती उस्मान पडला तेव्हा. तो आमच्या वळणावर नव्हे, तिकडे कुंभारीजवळ पडला. रस्त्यावर सांडलेलं भुईमुगाचं भुसकट होतं. त्याला आमच्या दारात आणला तेव्हा खांद्याचं हाड कातडीखाली वर आलेलं दिसत होतं, आणि तो माझ्याकडे बघून हसत म्हणत होता, "आपा, च्या पिलाव." मी चहा केला. त्या दिवसापासून रविवार आला की शनिवारपासून मला जेवण जायचं नाही. चन्नूला मी थांब म्हणाले नाही. मी अजून जोरात म्हणालेली बाई, मी कोणत्या तोंडानं थांब म्हणणार...

मी दुसरंच केलं. पुढच्या रविवारी रस्ता मोकळा होता, ओढ्यापर्यंत कुत्रंसुद्धा नव्हतं, आणि मी लाल लावलं.

सगळ्यांनी वळण हळू घेतलं. चन्नूनंही. माझा जीव भांड्यात पडला. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा लाल. तिसऱ्याही रविवारी. मग चन्नू परतताना एकटाच थांबला. गाडी बंद न करताच वर बघून ओरडला, "अक्का, मेंढरं कुटं गेली गं?"

"गेली खाली उतरून."

"व्हय?" त्यानं गाडी स्टँडवर लावली, वळणापर्यंत चालत गेला आणि परत आला. तोंडात हसू दाबलेलं. "दोन-अडीचशे मेंढरं गेली आनि रस्त्यावर एक लेंडी न्हाय पडली? काय गं, समद्यास्नी लंगोट बांदलेत का बिराप्पानं?"

मला हसू आलं आणि रडूही. त्याला सगळं कळलं. तो जिना चढून वर आला, माझ्याजवळ वाशाला टेकून बसला. रागावेल असं वाटलं होतं. रागावला नाही. म्हणाला, "भ्याडी. लाव तू लाल. तुला बरं वाटतंय न्हवं?"

मला वाटलं, समजून घेतलं त्यानं. पुढच्या रविवारी मी लाल लावलं. बाकीचे सगळे चढावरनंच सैल झाले. चन्नू झाला नाही. तो माळवदाखालून गेला तेव्हा डावा हात वर केला, मला बघून, आणि त्याच वेगात बाभळींआड गेला. पलीकडं काही नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. मलाही होतं. शर्यत त्यानं मोठ्या अंतरानं जिंकली. दुसऱ्या दिवशी गॅरेजातून मुद्दाम आला आणि माझ्या हातात दहाच्या पाच नोटा ठेवल्या. ऑइलचे डाग होते त्यांना.

"ह्ये कशाचं?"

"तुज्या लालचं. तुजा वाटा."

"चन्नू, मी त्यासाठी लावत न्हाय रे..."

"ठावं हाय. पर लागू पडलं की! त्यास्नी वाटतंय चन्नू लालला भीत न्हाय. कुनाला सांगू नगंस हां."

मी नोटा घेतल्या. शेंगांच्या डब्यात खाली ठेवल्या, खर्च केल्या नाहीत. तेव्हाच पांढरं लावायला पाहिजे होतं. पण पांढरं लावलं तर तो आणखी जोरात जाणार, आणि लाल लावलं तर बाकीचे तरी हळू जातात... असा माझा हिशोब. आणखी तीन रविवार तसेच गेले. तीन वेळा लाल, तीन वेळा वर केलेला हात, तीन वेळा चन्नू पहिला.

मग तो रविवार. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. धुकं नव्हतं, ऊन कोवळं होतं. बिराप्पा ओढ्यातून मेंढरं घेऊन वर आला, त्यानं माळवदाकडे बघितलं. मी लाल लावलं. त्यानं हात केला आणि मेंढरं रस्त्यावर घातली. चढावरनं गाड्यांचा आवाज आला तेव्हा मला कळलं मी काय केलं होतं. खोट्या लालहून वेगळं असं खरं लाल माझ्याकडे नव्हतं. बिराप्पानं माझ्या लालवर विश्वास ठेवला होता, आणि चन्नू ठेवणार नव्हता. मी लुगडं वाशावरनं ओढून काढलं, दोन्ही हातांनी हलवलं, ओरडले. माझा आवाज... कधी निघायचा नाही तो त्या दिवशी निघाला, पण गाडीपुढं काय. तो खालून गेला. हसत होता. त्यानं डावा हात वर केला.

गाडी त्यानं मेंढरांत घातली नाही. बाभळीवर घातली. एक कोकरूसुद्धा मेलं नाही. मागचे सगळे लाल बघून हळू आले होते, ते वाचले. उस्मान, खांदा नुकता जुळलेला, त्यानंच त्याला मालाच्या ट्रकमध्ये घातलं. सोलापूरला पोचेपर्यंत चन्नू गेला होता.

आमच्यात पुरतात. आप्पांनी त्याला वळसंगलाच माती द्यायची ठरवली, का ते त्यांनी सांगितलं नाही. आप्पा रडले नाहीत. तिसऱ्या दिवशी चावडीपुढं पंच बसले, कारण आप्पांना कोणीतरी गुन्हेगार पाहिजे होता. शर्यतवाली पोरं पोलिसांच्या भीतीनं गावात फिरकली नव्हती. राहिला बिराप्पा. रस्त्यावर मेंढरं कुणाची? तुझी. पोर कुणामुळं गेलं? बिराप्पा म्हातारा, हात जोडून उभा. म्हणाला, "म्या वर बगितलं व्हतं. लाल लावलं व्हतं बाईनं. म्हून म्या मेंढरं घातली."

पंचांतल्या एका म्हाताऱ्यानं बायकांच्या बाजूला बघून विचारलं, "सूनबाई, तूच सांग. लाल लावलं व्हतंस का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. हो म्हणाले तर पुढचा प्रश्न येणार होता. लाल होतं तर मग तो थांबला का नाही? मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. माझी जीभ उचललीच नाही. थोडा वेळ वाट बघून म्हातारा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. बाईमानूस, भाऊ गेलाय, काय बोलंल." आणि माझ्या गप्प बसण्याचा अर्थ सगळ्यांनी लाल नव्हतं असा लावला. बिराप्पानं माझ्याकडे एकदा बघितलं. नंतर त्यानं मान हलवली आणि काही भांडला नाही. तीनशे रुपये दंड ठरला. त्यानं सहा मेंढरं विकून आठ दिवसांत आणून दिले. आप्पांनी त्या पैशांतून चन्नूवर दगडी कट्टा बांधला. चांगला बांधला आहे, शहाबादी फरशी आहे वर. आप्पा दर सोमवारी एस.टी.नं येतात, तिथं बसतात, हातानं फरशी पुसतात. मी नमस्काराला वाकले की मला ती सहा मेंढरं दिसायची.

महिनाभरानं खानावळीचे पैसे आले, त्यातले पंधरा रुपये घेऊन मी बिराप्पाच्या वाड्यावर गेले. तो लोकर कातत बसला होता. मी नोटा पुढं केल्या.

"ह्ये कशाचं, बाई?"

"तुमचेच हायत."

"पंचांनी घेतलं, तू कशापायी देतीस?"

मी हात तसाच पुढं ठेवला. त्यानं माझ्याकडे बघत बघत पैसे घेतले, कनवटीला लावले. "त्यानं माजी मेंढरं वाचीवली," तो म्हणाला. "म्हून म्या तंडलो न्हाय. न्हायतर बिराप्पा कुनाच्या बाचं ऐकून घेनारा न्हवं." मग मी दर महिन्याला जाऊ लागले. कधी पंधरा, कधी वीस, कधी तीस. रात्रभर मशिनीसारखी भाकरी थापली असं नाही, पण पहाटे चारला उठायची ती तीनला उठू लागले. वाकळा-गोधड्याही शिवून दिल्या. मालकांना वाटलं दुःख विसरायला काम करते आहे.

शर्यती दोन महिने बंद होत्या. मला वाटलं होतं आता कायमच्या बंद झाल्या. पण संक्रांतीनंतर एका रविवारी चढावरनं गाड्यांचा तसाच आवाज आला. उस्मान दारात आला, गाडी ढकलत, मान खाली.

"आपा, फडका लगाओ ना. पोरां आते सो, सुनते नै."

"अजून पळता? चन्नूला बघून पण?"

"मैं भी बोला था, अब बस. आठ दिन नै गया. दस दिन नै गया." त्यानं जोडलेल्या खांद्याचा हात पुढं करून गाडीची मूठ पिळल्यासारखा फिरवला. "फिर रात कू नींद में हाथ ऐसा घूमता, आपा. क्या करूं?"

मी त्याला हाकलून द्यायला पाहिजे होतं. पण तो झोक्यावरचा हलकेपणा माझ्याही पोटात होता, आणि ती पोरं माझ्या फडक्याशिवायही पळणारच होती. मी वर गेले. त्या दिवसापासून माझं पांढरं खरं आणि लाल खरं.

पण एका रविवारी उसाची गाडी आडवी होती, मी लाल लावलं, आणि नवीन आलेली दोन पोरं हळू झाली नाहीत. माळवदाखालून गेली, दोघांनीही डावा हात वर केला. चन्नू करायचा तसाच. एक गाडीच्या चाकाला घासून गेला, दुसरा बांधावर चढून वाचला. मी जिना उतरून रस्त्यावर आले तेव्हा ती हसत होती, धापा टाकत. उस्मान त्यांना शिव्या देत होता, पण त्याच्या आवाजातही कौतुक होतं. "आपा, माफ करना. चन्नूभाई का सलाम है वो. लाल कू कभी डरा नै मर्द. सब पोरां उसका नाम लेते."

म्हणजे माझा भाऊ असा उरला होता. हात वर करून लालवरनं जाणारा. आणि आता एक एक पोर त्याच्यासारखा हात वर करून त्या बाभळीकडे जाणार होतं. मी तोंड उघडलं तर त्याची शूराची कीर्ती जाणार. बंद ठेवलं तर...

मी डोक्यावरचा पदर घट्ट धरला आणि सांगितलं. पाच माणसांपुढं, रस्त्यावर.

"तो लालला भीत नव्हता असं न्हाय. ते लाल खोटं होतं. मी लावत होते, भीतीपोटी, रस्ता मोकळा असताना. त्याला ठाऊक होतं. म्हणून तो जायचा. तुम्ही हळू व्हायचा, तो जिंकायचा. शेवटच्या दिवशी ते खरं होतं, आणि त्याला वाटलं खोटंच आहे."

हसणाऱ्या पोरांतलं एक खाली बघायला लागलं. उस्मानचं तोंड मला बघवेना. तो म्हणाला, "चार बार हराया हमना, साला..." आणि तिथंच रस्त्यावर बसून तो रडला. मिठ्ठू म्हणायचा तो चन्नूला, तेच नाव घेऊन रडला. उठताना म्हणाला, "आपा, अब लाल दिखा तो रुकेंगे. गाडी बंद करके रुकेंगे."

तिथून मी तशीच बिराप्पाच्या वाड्यावर गेले. एकदा जीभ सुटली होती, ती परत आखडण्याआधी. त्याला म्हणाले, "लाल होतं. चावडीवर मी बोलले न्हाय."

तो लोकर कातत राहिला. "मला ठावं हाय की. म्याच बगितलं व्हतं." मग "बाकीचं किती ऱ्हायलं?" असं त्यानं विचारलं. मला ते बरं वाटलं. राहू दे म्हणाला असता तर मी कुठं जाणार होते. एकशे चाळीस राहिले होते. आप्पांना अजून सांगितलेलं नाही. मी जाऊन पंचांपुढं बोलू का असं त्याला विचारलं, तर म्हणाला, "म्हातारा फरशी पुसतोय, पुसू दे." म्हणून हे वहीत आहे.

पाऊसकाळ संपेपर्यंत नव्वद फिटले. शेवटचे पन्नास कुठले द्यायचे हे मी पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं.

परवाच्या रविवारी मी माळवदावर गेले. लुगड्याचा रंग आता विटकरी झाला आहे, पण चढावरनं दिसतं. ते हातात घेतलं की मला त्या दिवशी ते ओढून काढलं तेव्हाची फाटलेली जागा बोटाला लागते. ती मी शिवलेली नाही. बिराप्पा ओढ्यातून वर आला, त्यानं वर बघितलं. मी लाल लावलं. गाड्या चढावरनं उतरल्या, आणि मी नेहमीसारखी एका हाताची वाट बघितली. हात कोणी वर केला नाही. सहा गाड्या वळणाच्या अलीकडे ओळीनं थांबल्या आणि एकेक करून बंद झाल्या. इतक्या गाड्या आणि इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मी खाली उतरले. शेंगांचा डबा घेऊन त्यांच्यामधनं चालत गेले. उस्माननं पाय मागे घेऊन वाट दिली. बाभळीची साल जिथं सोलली गेली होती तिथं आता डिंक वाळला आहे. त्याच्याजवळ बिराप्पा काठी टेकून उभा होता आणि मेंढरं त्याच्या दोन्ही बाजूंनी रस्ता ओलांडत होती.

मी दहाच्या पाच नोटा दिल्या. त्यानं त्या नाकाशी नेल्या. "राकेलचा वास येतुया," म्हणाला.

"ऑइलचा. चन्नूचे हायत."

त्यानं मान हलवली. अंगठ्याला थुंकी लावून एकेक नोट मोजली, पाच झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजली, कनवटीला लावली. शेवटची मेंढी, एक लंगडणारी, डांबर ओलांडून पलीकडे उतरली.

"तीनशे पुरं झालं, बाई," तो म्हणाला.